तुरीच्या वाटेने मोझांबिकला



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्या बाजारातल्या माणसाने समोर बसून ऐकावे, अशी रीत आहे. आमचे सारे आयुष्य लातूरच्या बाजारात आडतीच्या गादीवर आणि डाळीच्या गिरणीत गेले. पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर फिरवावेत आणि ओल किती, डागी किती, खडा किती हे सांगावे, एवढीच आमची विद्या. तरीही चालकांनी आग्रह केला की, तुम्ही परदेशी जाऊन आलात, त्याविषयी बोला. आम्ही म्हटले, आमचा परदेश निराळा आहे. तेथे मनोरे नाहीत, बर्फ नाही, आणि सहलीच्या जाहिरातीत त्याचे नाव कधी कोणी वाचलेले नसते. आम्ही गेलो ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक देशात. आणि गेलो ते तूर घ्यायला.

आता तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, "तूर घ्यायला आफ्रिकेत? चाकूरच्या शिवारात तूर पिकत नाही की काय?" हा प्रश्न आम्हाला नवा नाही. याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तो आम्हाला तोंडावर विचारलेला आहे, आणि त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजचे आमचे बोलणे म्हणजे त्या राहिलेल्या उत्तराचा हप्ता आहे, असे समजावे.

प्रथम आम्ही का गेलो ते सांगतो. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे मराठवाड्याने कशी काढली, ते तुम्हाला सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे प्यायला पाणी नाही तेथे तुरीचे काय होणार? २०१५-१६ साली देशात तूर झाली ती साडेपंचवीस लाख टनांच्या आसपास, आणि खप तर त्याहून कितीतरी अधिक. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांना भिडली. वरणभात ही गरिबाची थाळी. ती श्रीमंताची झाली. गिरण्यांना माल मिळेना. आमच्या गिरणीचे पट्टे आठवड्यातून चार दिवस बंद असत आणि हमाल मंडळी सावलीला बसून असत.

बाहेरदेशची तूर लातूरला त्यापूर्वीही येत होती. बाजारात तिची नावे ठरलेली आहेत. ब्रह्मदेशची ती 'लेमन', मोझांबिकची 'गजरी' आणि 'सफेद', टांझानियाची 'अरुषा' आणि 'मटवारा'. हे मटवारा म्हणजे टांझानियातले म्त्वारा नावाचे बंदर. आमच्या हमालांनी ते नाव जिभेवर घासूनपुसून मराठी करून टाकले. आम्ही वीस वर्षे ही नावे उच्चारली, त्या मालाचे सौदे केले. पण तो कोणाच्या शेतात पिकतो, हे पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही. ७ जुलै २०१६ रोजी पंतप्रधान मोझांबिकला गेले असता दोन सरकारांत करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन आणि वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन कडधान्य, मुख्यतः तूर, तेथून यावे असे ठरले. तेव्हा आम्ही आणि आमचे दोन भागीदार यांनी विचार केला की, मुंबईच्या दलालाकडून माल घेण्यापेक्षा आपणच जाऊन पाहावे. ऑगस्ट महिन्यात आम्ही निघालो.

निघण्याची तयारी हेच एक प्रकरण होते. आमची वाट नैरोबीवरून होती, म्हणून पीतज्वराची लस टोचून घेणे प्राप्त होते. ती टोचून दहा दिवस झाल्याखेरीज दाखला लागू होत नाही. दाखला नसेल तर परत येताना आपलेच सरकार आपल्याला विमानतळावर अडकवून ठेवते! हिवतापाच्या गोळ्या घेतल्या, मच्छरदाणी घेतली. घरच्या माणसांनी ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आमच्या एका भागीदाराने कागदपत्रांपेक्षा त्या चटणीची काळजी अधिक घेतली, आणि पुढे त्याचेच शहाणपण खरे ठरले.

हा देश केवढा आहे? महाराष्ट्राच्या अडीचपटीहून थोडा मोठा, सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर. समुद्रकिनारा अडीच हजार किलोमीटरांचा. २०१७ च्या शिरगणतीत मात्र माणसे तीन कोटींच्या आतच भरली. म्हणजे भुई भरपूर आणि माणूस विरळ. चारपाचशे वर्षे हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाताखाली होता. २५ जून १९७५ रोजी तो स्वतंत्र झाला आणि लगेच १९७७ पासून घरच्याच युद्धात सापडला. ते युद्ध १९९२ साली रोमच्या तहाने मिटले. पंधरा वर्षांच्या त्या भांडणाने रस्ते, पूल, शाळा, दुकाने सारे धुळीला मिळवले. आजही हा देश जगातल्या अगदी गरीब देशांत मोजला जातो.

पण तुम्ही म्हणाल, पोर्तुगीज म्हणजे गोवा, त्याचा याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. १७५२ सालापर्यंत मोझांबिकचा कारभार चालत होता तो गोव्याहून. गोव्याच्या व्हाइसरॉयचा हुकूम त्या किनाऱ्यावर चाले. दीव-दमणचे व्यापारी कापड घेऊन तेथे जात आणि हस्तिदंत घेऊन परत येत. आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा त्याचा राग पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधल्या हिंदी माणसांवर काढला. त्यांना छावण्यांत कोंडले आणि पुढे देशाबाहेर घालवले. आपण येथे पेढे वाटले. त्याची किंमत तिकडच्या कित्येक दुकानदारांनी मोजली. व्यापारासाठी परमुलखात राहणाऱ्या माणसाचे नशीब कोणत्या धाग्याला बांधलेले असते, ते यावरून दिसते.

भाषेची एक मौज सांगतो. नांपुला या शहरात आम्ही उतरलो तेव्हा पोर्तुगीजचा एक शब्दही आम्हाला येत नाही, अशी आमची समजूत होती. दुभाष्या सोबत होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून 'पगार' हा शब्द आला, आणि आम्ही दचकलो. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे. मग आम्ही शोधच सुरू केला. चावी त्यांची, बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, बादली आणि घमेलेही त्यांचेच. आणि शेवटी कळले की, ज्या शब्दावर आमचे पोट चालते तो 'लिलाव' हा शब्दही पोर्तुगीजच आहे! लातूरच्या बाजारात रोज ओरडून म्हणतो तो शब्द गोव्यावरून आमच्याकडे आला, आणि आम्ही त्याच्या मूळ धन्याच्या जुन्या मुलखात तूर शोधत फिरत होतो. परक्या देशात अशी एखादी ओळख निघाली की, माणसाची भीती निम्मी कमी होते.

नांपुल्याहून आम्ही झांबेझिया प्रांतातील गुरुए भागाकडे मोटारीने गेलो. डोंगर, चहाचे मळे, लाल माती. हमरस्ता सोडला की धुळीची वाट. पावसाळा तेथे नोव्हेंबर ते एप्रिल. त्या दिवसांत या वाटा चिखलात बुडतात आणि मालमोटारी जागच्या जागी अडतात. आम्ही कोरड्या दिवसांत गेलो होतो, तरी शंभर किलोमीटरला कधी कधी चार तास लागत.

शेताला तेथे 'माशांबा' म्हणतात. आम्ही माशांबात उभे राहिलो आणि क्षणभर बोलणे सुचेना. समोर तूरच होती! पाने तीच, फुले तीच, शेंगा त्याच. फक्त झाड माणसाच्या डोक्यावर गेलेले. आपल्याकडे जूनमध्ये पेरून डिसेंबर-जानेवारीत काढतो. त्यांच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात मक्याबरोबर पेरतात, मका आधी काढतात आणि तूर जुलै ते सप्टेंबरात हाती येते. आपण सोयाबीनमध्ये तूर घालतो, ते मक्यात घालतात, एवढाच फरक. पण बैल कोठे दिसेना. विचारले तेव्हा कळले की, उत्तरेच्या पुष्कळ भागात त्सेत्से नावाच्या माशीमुळे गुरे जगवणे कठीण, म्हणून औत नाही. बाई कुदळ घेऊन उभी राहते आणि एकर-दोन एकर हाताने उकरते. खत नाही, फवारणी नाही. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे हाल आम्ही जन्मभर पाहिले आहेत. पण त्याच्यापाशी निदान बैल असतो, नाहीतर भाड्याचा ट्रॅक्टर असतो.

मग आम्ही त्या घरच्या माणसांना विचारले, "या तुरीचे तुम्ही काय करून खाता?" ते हसले. त्यांचे अन्न म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आपल्या ज्वारीच्या घाट्यासारखा. आणि एक कंद, ज्याच्यापासून आपल्या एकादशीचा साबुदाणा होतो. तुरीच्या हिरव्या शेंगा थोड्या उकडून खातात. पण वाळलेल्या तुरीचे वरण त्यांना ठाऊक नाही. ती विकायची, आणि विकायची ती हिंदुस्थानाला. मंडळी, या गोष्टीचा विचार करा. जे पीक घरात कोणी खात नाही, आणि जे जगात जवळजवळ एकच गिऱ्हाईक घेते, ते पीक त्या बाईने आठ-नऊ महिने सांभाळले होते. त्या गिऱ्हाइकाने एक दिवस पाठ फिरवली तर? तेव्हा आम्हाला हा प्रश्न सुचला नाही. आम्ही दाणे तळहातावर फिरवत होतो.

त्या पहिल्या खेपेत आम्ही चुकलो, ते लपवीत नाही. गावागावांत काटा घेऊन बसणारे लहान खरेदीदार असतात. ते मोठ्या गावच्या व्यापाऱ्याला देतात, आणि तो बंदराच्या व्यापाऱ्याला. आम्ही अशाच एका मधल्या व्यापाऱ्याशी नमुन्यावर सौदा केला. नमुना सोन्यासारखा होता. देशात तेजी होती, घाई होती. माल भरताना हजर राहावे तर परतीचे तिकीट होते. आम्ही हात मिळवला आणि निघून आलो. माल महिन्याभराने मुंबईच्या बंदरात उतरला, तेव्हा पोत्यांच्या मधल्या थरात ओल होती आणि दाण्याला वास मारत होता. दोष त्या व्यापाऱ्याचा होता हे खरे. पण बाप-आज्यापासून आम्ही जो नियम पाळतो, पोते फोडल्याशिवाय भाव बोलू नये, तो नियम आम्ही समुद्र ओलांडताच विसरलो, हा दोष आमचा. परमुलखात माणूस आपली नेहमीची अक्कल घरी ठेवून जातो आणि नवी घेऊन येण्याच्या नादात दोन्ही गमावतो.

आता त्या देशाच्या धनाविषयी थोडे सांगतो. कारण तूर हे तेथील मोठे धन नव्हेच. झांबेझी नदीवर काहोरा बास्सा हे प्रचंड धरण आहे. त्याची दोन हजार मेगावॅटहून अधिक वीज, आणि तिचा मोठा भाग जातो दक्षिण आफ्रिकेला. तेते प्रांतात दगडी कोळसा आहे. उत्तरेला २००९ साली माणकांची खाण सापडली, आणि २०१० साली समुद्राच्या तळाखाली नैसर्गिक वायूचे अफाट साठे सापडले. हे ऐकून कोणालाही वाटेल की, येथे गेले आणि ओंजळ भरून आणले. पण कोळशाची गोष्ट ऐका. रिओ टिंटो नावाच्या जगड्व्याळ कंपनीने २०११ साली तेते येथील खाणी साडेतीनशे कोटी डॉलरांहून अधिक देऊन घेतल्या. कोळसा झांबेझीतून पडावांनी समुद्राला नेऊ, असा बेत होता. सरकारने नदीतून नेण्याची परवानगी दिली नाही, आगगाडीची सोय अपुरी, आणि जमिनीत कोळसाही अंदाजापेक्षा कमी निघाला. २०१४ साली त्या कंपनीने ते सारे अवघ्या पाच कोटी डॉलरांना विकून टाकले. आणि घेणारी होती आपल्या हिंदी सरकारी कंपन्यांची एक भागीदारी. पुढे तेतेपासून मलावी देशातून नकाला बंदरापर्यंत नऊशे किलोमीटरांवर लोहमार्ग तयार झाला, तेव्हा कोळशाला वाट मिळाली.

यात आपल्याला नवल वाटू नये. लातूरची बाजारपेठ कशाने मोठी झाली? बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ साली लातूरला पोचली तेव्हा. काळी जमीन त्यापूर्वीही काळीच होती आणि करडई, तूर, ज्वारी त्यापूर्वीही पिकत होती. पण माल हलू लागला आणि पेठ झाली. म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, धनवान म्हणवणाऱ्या देशात गेलात तर जमिनीखाली काय आहे हे मागाहून विचारा. जमिनीवर रस्ता कोठवर आहे, हे आधी विचारा.

वायूची गोष्ट तर आपल्या मराठवाड्याच्या अंगणातली आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ ज्यांचे कारखाने होते, त्या दूरचित्रवाणी-संच बनवणाऱ्या व्हिडिओकॉन कंपनीने २००८ साली, वायू सापडण्याच्याही आधी, तेथील समुद्रातल्या क्षेत्राचा दहावा हिस्सा घेतला. दूरदृष्टीच म्हणावी. तो हिस्सा २०१४ च्या आरंभी दोन हिंदी सरकारी तेल कंपन्यांनी जवळजवळ अडीचशे कोटी डॉलरांना घेतला. पण ही सोन्याची कोंबडी हाती लागूनही ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. आणि जेथे वायू सापडला त्या काबो देल्गादो प्रांताचे काय झाले? ऑक्टोबर २०१७ पासून तेथे सशस्त्र बंडखोरी उसळली, आणि मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर हल्ला होऊन वायूचे काम थांबवावे लागले. ज्या किनाऱ्याखाली कुबेराचे भांडार, त्याच किनाऱ्यावरची लाखो माणसे घरदार सोडून रानोमाळ झाली.

काजूचीही कहाणी अशीच आहे. एके काळी मोझांबिक हा काजू पिकवण्यात जगात अग्रेसर होता, आणि काजू फोडण्याचे कारखाने तेथे उभे राहिले होते. १९९० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या सल्ल्याने कच्चा काजू परदेशी पाठवण्यावरची बंधने सैल झाली; तो आपल्या हिंदुस्थानच्या कारखान्यांत येऊ लागला आणि तिकडचे कारखाने बंद पडून हजारो कामगार, त्यांत पुष्कळशा बायका, घरी बसल्या. त्यांच्या दृष्टीने धनवान परदेशी गिऱ्हाईक म्हणजे आपणच! आपण स्वतःला गरीब देशाची माणसे समजतो; पण ज्याच्यापाशी गिरणी आहे तो, ज्याच्यापाशी नुसते शेत आहे त्याच्यापुढे नेहमी बलवान असतो. चाकूरचा शेतकरी आणि लातूरचा गिरणीवाला यांत हेच नाते आहे, हे आम्ही आमच्या तोंडाने कबूल करतो.

आता त्या प्रश्नाकडे येतो. २०१६ साली पाऊस चांगला झाला. भाव पाहून शेतकऱ्याने तूर भरपूर पेरली. साडेपंचवीस लाख टनांच्या जागी देशात जवळजवळ एकोणपन्नास लाख टन तूर झाली. सरकारचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारातला भाव त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. कोठे बारदाना नाही, कोठे ठेवायला जागा नाही. २०१७ च्या एप्रिलात अशाच एका रांगेजवळून आम्ही जात होतो. गाडीखाली सावलीत बसलेला एक ओळखीचा शेतकरी उठून पुढे आला. त्याचा माल आमच्या आडतीला पंधरा वर्षे येत होता. तो म्हणाला, "मालक, तुमी आफ्रिकेतून तूर आणली म्हणं. मग आमची कुणी घ्यावी?"

आम्ही काही बोललो नाही. खरे उत्तर लांब होते. भाव पडला तो मुख्यतः देशातले पीक जवळजवळ दुप्पट झाले म्हणून. पण ते पीक बाजारात येण्याआधीच बाहेरच्या तुरीने गोदामे भरली होती, आणि त्यात आमचीही पोती होती, हेही तितकेच खरे. आफ्रिकेची तूर येथे पोचते ती सप्टेंबर ते डिसेंबरात. म्हणजे नेमकी आपली रास खळ्यावर पडण्याच्या आधी. हे महिने आम्ही माशांबात उभे राहून मोजायला हवे होते.

मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातला मोझांबिकचा वाटा तिच्या बाहेर ठेवला होता. तरी त्याहून अधिक जी तूर तेथे लोकांनी भाव पाहून पेरली होती, तिला गिऱ्हाईक उरले नाही. ऑगस्ट म्हणजे त्यांचा सुगीचा महिना. शेंगा झाडावर होत्या आणि दार बंद झाले.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते २०१८ च्या जुलैत. ओल्या मालाचा हिशेब मिटवायचा होता आणि पुढचा व्यवहार ठेवायचा की नाही, ते ठरवायचे होते. त्याच गावी गेलो. ज्या माशांबात पूर्वी तूर पाहिली तेथे निम्म्याहून अधिक जागेत मका उभा होता. ती बाई आम्हाला ओळखून पुढे आली. तिने मातीच्या घरातून एक पोते ओढत आणले. आदल्या वर्षीची तूर, किड्यांनी पोखरलेली. दुभाष्याने तिचे बोलणे सांगितले, "तुम्ही पेरा म्हणालात, म्हणून पेरली. मग घेतली का नाही?"

मंडळी, आम्ही 'पेरा' असे म्हटले नव्हते. पण जो परका माणूस शेतात येतो, दाणे हातावर घेतो, मान डोलावतो आणि भाव विचारतो, तो 'पेरा' असेच म्हणत असतो. दोन देशांतल्या दोन शेतकऱ्यांनी आम्हाला विचारलेले प्रश्न शब्दांनी उलटे होते. एक म्हणाला, का आणली. दुसरी म्हणाली, का नेली नाही. पण दुखणे एकच. दोघांनाही कोणी वेळेवर खरे सांगितले नव्हते.

आम्ही ते पोते घेतले नाही. घेण्यासारखे त्यात काही नव्हते. पैसे देऊ केले, तेव्हा तिने थोडा विचार करून दोन रिकामी पोती मागून घेतली. तेवढीच आमची त्या वर्षीची उलाढाल.

यावरून कोणी असे समजू नये की, बाहेरदेशी जाऊच नये, किंवा तूर आणूच नये. दुष्काळात ज्या घरात वरण शिजले त्यांना विचारा. तरुणांनी जरूर जावे. मात्र जाताना काही गोष्टी पदरी बांधाव्यात. जमीन घेऊन शेती करू, असे मनोरे कोणी रचू नयेत. मोझांबिकात जमीन सरकारची असते, तिची खरेदी-विक्री होत नाही, वापरण्याचा हक्क तेवढा मिळतो. पोचल्याबरोबर भाव विचारू नये. तेथे आधी घरच्या माणसांची खुशाली विचारतात, आणि ती न विचारणारा माणूस उद्धट समजला जातो. भाषेचे शंभर शब्द तरी शिकावेत, कारण दुभाष्या बोलणे सांगतो, पण बोलण्यातली अडचण सांगत नाही. गावच्या काट्यावर स्वतः उभे राहावे. आणि एकदा जाऊन ओंजळ भरून येण्यापेक्षा दहा वर्षे थोडे थोडे, ठरलेले, सांगितलेले घ्यावे. सरकारांनीही अखेर काहीसे हेच ओळखले असावे. मोझांबिकशी झालेला करार २०२१ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला, आणि मलावी व ब्रह्मदेशाशीही तसेच करार झाले. पण त्याच वर्षी मे महिन्यात तुरीची आयात पुन्हा खुलीही करण्यात आली. दार उघडणे आणि लावणे चालूच असते. ते केव्हा, हे शेतकऱ्याला पेरणीआधी कळावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आणि येथल्या शेतकरी बांधवांना एक विनंती. परदेशची तूर केव्हा निघते, तिकडे पाऊस कसा आहे, जहाजे केव्हा लागतात, हे आता तुमच्याही बाजारभावाचे अंग झाले आहे. ते आडत्याला हक्काने विचारा. रास झाल्याबरोबर पडेल भावाने विकण्यापेक्षा, बाजार समितीची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे, तिचा उपयोग करा. माल गोदामात ठेवून त्यावर उचल घ्या आणि भाव आल्यावर विका. घाईने आम्ही बुडालो, तुम्ही बुडू नका.

त्या रांगेतला शेतकरी आज या सभेत आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही. असेल तर त्याने आमचे उत्तर ऐकले. तुझी तूर आधी कोणी घ्यावी? आम्हीच घ्यावी. पुरली नाही तर तिकडची किती आणि केव्हा येणार, हे तुला पेरणीआधी सांगावे. आणि तिकडच्या बाईलाही तेच सांगावे. हे उत्तर द्यायला आम्हाला दोनदा समुद्र ओलांडावा लागला, याची आम्हाला थोडी लाज वाटते.